डाव्या कडेचे चेहरे

यवतमाळच्या बसस्थानकामागच्या एका अरुंद गल्लीत वाहिदभाईंचे दुकान आहे. दुकान म्हणजे नऊ फूट रुंदीची आणि जवळजवळ त्याच्या दुप्पट खोलीची एक पट्टी. तिच्या टोकाच्या भिंतीवर वर्तमानपत्राची पाने मैद्याच्या खळीने चिकटवलेली आहेत, आणि तीही इतकी सपाट, की वरून बोट फिरवले तरी जोड हाताला लागत नाही. त्यात बातमीचे पान मात्र एकही नाही. निविदा, नावात बदल, वधूवर पाहिजेत, ट्रॅक्टर विकणे आहे, अशा बारीक टायपाच्या जाहिरातींनी ती भिंत भरलेली आहे. नव्या गिऱ्हाइकाला वाटते, या माणसाला भिंत रंगवायला सवड झाली नसावी. वस्तुतः दुकानातले सर्वांत महत्त्वाचे हत्यार तेच. दुरुस्तीला आलेली लेन्स कॅमेऱ्यावर चढवायची, कॅमेरा तिकाटण्यावर, म्हणजे ट्रायपॉडवर, पक्का बसवायचा, भिंतीचा फोटो काढायचा, आणि मग संगणकाच्या पडद्यावर चारही कोपऱ्यांतल्या जाहिराती वाचायला बसायचे, ही त्यांची रीत. मधली जाहिरात कोणतीही लेन्स वाचून दाखवते, तिच्यावरून काही ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. परीक्षा कडेला होते.

वाहिदभाई हे घड्याळजीचे चिरंजीव. वडील जमीरभाई यांच्या हाताखाली ते चौदाव्या वर्षी बसले आणि डोळ्याच्या खाचेत भिंग धरून काम करायला शिकले. पुढे स्वस्त घड्याळे आली, ती बिघडली की लोक फेकू लागले, आणि दुरुस्तीच्या टेबलावर धूळ बसू लागली. अशाच एका रिकाम्या दुपारी एका स्टुडिओवाल्याने शटर अडकलेला कॅमेरा आणून ठेवला. ‘यातही स्प्रिंगच असते, पाहून घे,’ एवढे सांगून जमीरभाई नमाजाला निघून गेले. परत आले तेव्हा शटर चालत होते आणि मुलगा दुसऱ्यांदा ते खोलत होता, कारण पहिल्यांदा ते कशाने सुरू झाले हे त्याला समजले नव्हते. हा स्वभाव पुढेही टिकला. मेलेले कॅमेरे मागून आणायचे, सुटे करायचे, जोडायचे, पुन्हा सुटे करायचे, असा त्यांचा सगळा अभ्यास. आज पुसद, वणी, उमरखेड, मुकुटबन इथपर्यंतचे फोटोग्राफर नागपूर गाठण्याआधी त्यांची गल्ली गाठतात.

आलेल्या माणसाला ते पहिला प्रश्न ‘काय बिघडलं?’ असा विचारत नाहीत. ‘तक्रार कोनाची हाय?’ असा विचारतात. फोटो काढणाऱ्याची तक्रार वेगळी आणि फोटोत उभ्या असलेल्याची वेगळी, हे त्यांनी तीस-पस्तीस वर्षांत ओळखले आहे. पहिला माणूस यंत्राविषयी बोलतो. दुसरा आपल्या चेहऱ्याविषयी बोलतो, आणि त्याचे बोलणे बहुधा अधिक नेमके असते.

गेल्या दसऱ्याच्या दोन दिवस आधी बोरी अरबचा धर्मपाल दुकानात आला, तेव्हाही त्यांनी हाच प्रश्न विचारला. धर्मपाल लग्नकार्यांचे फोटो काढतो. त्याच्या एका हातात लेन्सची पिशवी होती आणि दुसऱ्या हाताला धरून त्याने आपल्या आत्याला पायरी चढवली होती. तुळसाबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन महिना झाला होता, डोळ्यांच्या डॉक्टरांनी दुपारी बोलावले होते, आणि मधल्या वेळात या लेन्सचा निकाल लावल्याशिवाय आपण हलणार नाही, असे त्यांनी बसमध्येच भाच्याला बजावले होते.

“तक्रार कशाची, वाहिदभाई,” धर्मपाल म्हणाला, “सर्व्हिसिंग करून द्या बस. लेन्सले काई नाई झालं. बाया हालतात, त्याले तुमी-मी काय करनार?”

“आयकलं?” तुळसाबाई स्टुलावर बसता बसता म्हणाल्या. “चार साल झाले, हेच आयकून राह्यली मी. बाया हालतात! काहून रे, फोटोच्या टायमाले आमी काय झोक्यावर बसलो राहतो?”

“आत्या, मी तसं नाई म्हनत...”

“मंग कसं म्हनतं?”

वाहिदभाईंनी धर्मपालला मागच्या खुर्चीकडे बोट दाखवले. “तक्रार आत्याची हाय. तू बस. बोला, माय.”

तुळसाबाईंनी जे सांगितले ते असे. नागपूरला दीक्षाभूमीवर जायला बोरीतल्या त्यांच्या वस्तीतून दरवर्षी बस निघते. निघण्याआधी सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत विहाराच्या पायऱ्यांवर उभी राहते आणि एक फोटो निघतो. ही चाल धर्मपालच्या वडिलांनी पाडली. बाया डावीकडे, माणसे उजवीकडे, मुले पुढे बसलेली. त्याची एकेक प्रत घरोघरी जाते आणि भिंतीवर लागते. वस्तीतल्या कितीतरी जणांचा जन्मातला एकुलता धड फोटो तोच. गेल्या चार वर्षांत मात्र उजवीकडची माणसे मिशीच्या केसासकट दिसतात आणि डावीकडच्या बाया धुक्यात उभ्या केल्यासारख्या. पहिल्या वर्षी सगळे हसले. दुसऱ्या वर्षी घरोघरी बायांना बोलणी बसली. तिसऱ्या वर्षी धर्मपालने फोटो काढण्याआधी ‘बायांनी श्वास रोखून धरा’ अशी आरोळी ठोकली, आणि तरीही फोटो तसाच आला. आता यंदा बायांनी ठरवले होते, की आपण उभे राहायचेच नाही. माणसांनी आपला फोटो आपणच काढून घ्यावा.

“मी बी नाई राहनार उभी,” तुळसाबाई म्हणाल्या. “मावा भाऊ गेला, त्याची चाल हाय, म्हनून इथवर आली. डोया नवा झाला अन् पयलं पाह्यलं काय, तं भितीवर मावंच तोंड पुसलेलं. सुनीनं फडका मारला असन असं वाटलं मले.”

बोलता बोलता त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून चार फोटो काढले. चौकटीतून सोडवून आणलेले होते. मागे खिळ्याचा गंज लागला होता. वाहिदभाईंनी ते टेबलावर ओळीने मांडले, डोळ्याला भिंग लावले आणि ते एकेक फोटो तपासू लागले. गल्लीतून भाजीचा गाडा गेला. धर्मपालने दोनदा खुर्ची बदलली.

“माय, तुमी कोनत्या?”

“हे. खांबाजवयची. चारी सालं तिथंच.”

“धर्मपाल, इकडं ये. मानूस हालला तं फोटोत रेघ ओढल्यावानी दिसते. ज्या बाजूनं मान फिरली त्या बाजूनं. इथं रेघ हाय काय?”

“...नाई.”

“मधात पाह्य, साफ. मंग हे बाई थोडी कमी साफ, हे आनखी कमी, अन् कडेले माय, तं बिलकुल पुसट. सगळ्या बाया एकाच हिशोबानं हालल्या काय? अन् मायच्या बाजूले खांब हाय. खांबावर अक्षरं हायेत. वाच.”

धर्मपाल वाकला. अक्षरे होती, पण वाचता येत नव्हती.

“खांब बी हालते काय तुमच्या गावात?”

तुळसाबाईंना हसू आवरेना. हसताना त्यांनी पदर तोंडाला लावला आणि दुसऱ्या हाताने धर्मपालच्या पाठीत एक धपका घातला. “विचार, विचार त्याले! खांबाले बी म्हनलं असन यानं, श्वास रोखून धर म्हनून!”

धर्मपाल ओशाळला, पण फोटोग्राफर म्हणून त्याचेही काही म्हणणे होते, आणि ते अगदीच चुकीचे नव्हते. विहारापुढची जागा उताराची आहे. आपण थोडे तिरपे उभे राहत असू, डावी बाजू कॅमेऱ्यापासून दूर पडत असेल, म्हणून तिकडचा फोकस जात असेल. वाहिदभाईंनी मान हलवली. शंका रास्त होती, आणि शंकेवर चर्चा करण्यापेक्षा ती भिंतीपुढे उभी करणे त्यांना नेहमीच पसंत असते. त्यांनी लेन्स कॅमेऱ्यावर चढवली, कॅमेरा तिकाटण्यावर बसवला आणि भिंतीचा फोटो काढला. पडद्यावर मधली विहीर-बांधकामाची निविदा स्वच्छ होती. डावीकडच्या जाहिराती पिठासारख्या. मग त्यांनी कॅमेरा सोडवला आणि उलटा, डोके खाली करून तिकाटण्यावर आवळला.

“उलटा काहून टांगला आता?” तुळसाबाईंनी विचारले.

“बिघाड कुठं राहते ते पाहाले, माय. भितीत असला, नाईतर धर्मपालच्या उभं राहन्यात असला, तं डावीकडंच राहीन. लेन्समधी असला तं लेन्ससंगं उलटा होईन, अन् भितीच्या उजव्या बाजूले जाईन.”

दुसरा फोटो पडद्यावर आला. भिंतीच्या डाव्या बाजूचा प्रत्येक दूरध्वनी क्रमांक आता वाचता येत होता आणि उजवी बाजू विरघळली होती. राहता राहिली शक्यता कॅमेऱ्याची. त्याच कॅमेऱ्यावर वाहिदभाईंनी दुकानातली दुसरी लेन्स लावून पाहिली. चारही कोपरे स्वच्छ आले. बिघाड लेन्समध्ये होता, बायांमध्ये नव्हता.

“पन वाहिदभाई,” धर्मपाल खरोखरच गोंधळला होता, “चार साल याच लेन्सवर लग्नं केली मी. एकाची बी तक्रार नाई.”

“लग्नात नवरा-नवरी कुठं राहते?”

“मधात.”

“अन् कडेले?”

“कडेले... कोनी बी. चुलत्या-मावश्या.”

“त्याईले आल्बम दाखवाले नेते काय कोनी?”

एका नवरदेवाने तर ‘कडा धूसर केल्या ते झकास दिसते’ म्हणून कौतुकही केले होते, हे धर्मपालला त्या क्षणी आठवले असले पाहिजे. कारण पुढे कधीतरी हे त्यानेच सांगितले.

डॉक्टरांची वेळ झाली. आत्या-भाचे चार वाजता परत येतो म्हणून गेले आणि दुकानात वाहिदभाई एकटे राहिले.

झूम लेन्सची एक बाजू अशी पुसट येऊ लागते, तेव्हा पहिला संशय आतल्या नायलॉनच्या बारीक गुट्ट्यांवर जातो. भिंगांचा एक गट त्यांच्यावर सरकतो. एखादी झिजली की गट कलतो. वाहिदभाईंनी मागची बाजू खोलून त्या पाहिल्या. तिन्ही ठीक होत्या. मग संशय पुढच्या भिंगावर. लेन्सच्या तोंडाशी कंपनीच्या नावाची जी कडी असते, ती त्यांनी रबरी ठशाने दाबून फिरवली आणि उचलली. कडीच्या आतल्या अंगाला पेन्सिलीची खूण होती. उर्दूतले ‘वाव’ हे अक्षर, आणि पुढे नऊ, एकवीस.

ही खूण कोणाची, हे त्यांना दुसऱ्या कोणाला विचारायची गरज नव्हती. खोललेल्या प्रत्येक लेन्सच्या आत, जिथे मालकाची नजर कधी जाणार नाही अशा जागी, आपल्या नावाचे अक्षर आणि महिना-वर्ष लिहिण्याची सवय त्यांना वडिलांकडून लागलेली. जमीरभाई घड्याळाच्या झाकणाच्या आत लिहीत. उद्देश एवढाच, की तीच वस्तू पुन्हा आली तर आधी कोणाचा हात लागला आहे ते कळावे.

दोन हजार एकवीसचा सप्टेंबर. टाळेबंदीत लग्ने बंद होती, कॅमेरे कपाटात पडून होते, आणि दोन पावसाळ्यांच्या ओलीने लेन्सांच्या आत बुरशी धरली होती. निर्बंध उठले तसे जिल्हाभरातले फोटोग्राफर एकदमच आले. एका महिन्यात चाळीसेक लेन्सा त्यांनी धुतल्या असतील. त्यातली ही एक.

त्यांनी पुढचे भिंग उचलले. त्याच्या खाली, तीन स्क्रूंच्या जागी, तीन पितळी चकत्या होत्या. नखाएवढ्या, दिसायला अगदी सारख्या. आणि त्या पाहताक्षणी आपण काय केले होते ते त्यांना समजले.

घड्याळात प्रत्येक भागाला त्याची एकच जागा असते. चाक चुकीच्या जागी बसतच नाही. म्हणून घड्याळजी सगळे भाग एकाच वाटीत धुतो; जोडताना भागच आपली जागा सांगतात. या चकत्यांचे तसे नाही. कारखान्यात भिंग सरळ बसावे म्हणून प्रत्येक स्क्रूखाली निवडून वेगळ्या जाडीची चकती घातलेली असते. फरक केसाहून कमी. त्या कोणत्याही जागी बसतात आणि कोणत्याही जागी बसल्या तरी काही बोलत नाहीत. काढतानाच प्रत्येकीवर खूण करावी लागते. हा नियम वाहिदभाईंना ठाऊक होता, आणि ते तो पाळतही होते. पण त्या महिन्यात, चाळीस लेन्सांच्या गर्दीत, हाताने मेंदूला न विचारता जुनी रीत उचलली. तिन्ही चकत्या एका वाटीत गेल्या. बुरशी निघाली, भिंग उजेडाकडे धरून पाहिले, स्वच्छ होते. लेन्स बुरशीसाठी आली होती, फोकसची तक्रार नव्हती, म्हणून भिंतीपुढे उभीच केली गेली नाही.

त्यांनी डोळ्याचे भिंग उतरवून टेबलावर ठेवले. चकत्या जागच्या जागी बसवून लेन्स परत देणे सोपे होते. ‘आतून कलली होती, सरळ केली,’ हे वाक्य पूर्णपणे खरे ठरले असते. धर्मपालने आभार मानले असते. दुकानाचा लौकिक जिल्हाभर या एकाच गोष्टीवर उभा आहे, की वाहिदभाईंच्या हातून गेलेली वस्तू परत येत नाही. आणि ही वस्तू चार वर्षांनी परत आलेली होती. टेबलाच्या कडेला ते चार फोटो अजून ओळीने मांडलेले होते. त्यांनी ते उचलून पुन्हा एकदा पाहिले. पहिल्या वर्षीच्या फोटोत डावीकडे अकरा बाया होत्या. शेवटच्या फोटोत आठच. ज्या तीन नव्हत्या, त्या गावी गेल्या होत्या की या जगातून गेल्या होत्या, हे फोटोवरून कळत नव्हते. गेल्या असतील तर त्यांचे शेवटचे फोटो हेच.

मग ते कामाला लागले. मायक्रोमीटरने तिन्ही चकत्या मोजल्या आणि सुईच्या टोकाने प्रत्येकीवर एक, दोन, तीन अशा टिंबांच्या खुणा केल्या. तीन जागा, तीन चकत्या. बसवण्याच्या सहा तऱ्हा. त्यातली एक चुकीची हे चार फोटोंनी सिद्ध केले होते. उरल्या पाच. भिंतीवरच्या फोटोवरून कोणती बाजू खाली गेली आहे याचा अंदाज बांधता येत होता आणि दुसऱ्या कोणी त्यावरच काम भागवले असते. वाहिदभाईंनी अंदाज बाजूला ठेवला. प्रत्येक तऱ्हेने भिंग बसवायचे, कॅमेऱ्यावर चढवायचे, भिंतीचा फोटो काढायचा, चारही कोपरे वाचायचे, पुन्हा उतरवायचे. एकेका फेरीला पंचवीस मिनिटे. दुपारचे जेवण डब्यात तसेच राहिले.

आत्या-भाचे परतले तेव्हा तिसरी फेरी चालू होती. डोळा उत्तम आहे असे डॉक्टरांनी सांगितले होते आणि तुळसाबाई गल्लीतल्या पाट्या मोठ्याने वाचत आल्या होत्या.

“सापडला का चोर?” त्यांनी विचारले.

“सापडला, माय.” वाहिदभाई उठून उभे राहिले. गिऱ्हाइकाशी बोलायला ते कधी उठत नाहीत. “चोर मीच हाय. चार सालाआधी धर्मपालनं हे लेन्स मायाकडं धुवाले आनली होती. मी खोलली, अन् लावताना चकत्या उलट्यापालट्या लावल्या. तवापासून तुमच्या बाजूचे चेहरे गेले. धर्मपालची गलती नाई. तुमची तं बिलकुल नाई. गलती मावी.”

धर्मपालला हे अपेक्षित नव्हते. “जाऊ द्या ना, वाहिदभाई, चालते असं. इतक्या लेन्सा केल्या तुमी...”

“तू गप,” तुळसाबाई म्हणाल्या. त्या वाहिदभाईंकडे पाहत होत्या. पाहण्यात राग होता की दुसरे काही, हे नव्या डोळ्याच्या चमकेत कळत नव्हते. “मले सांगून काय होते, बाबू? मी तं एकटी. वस्तीतल्या समद्या बायायनं चार साल बोलनं खाल्लं. हे त्याईले येऊन सांगशीन?”

“आत्या, मी सांगतो ना त्याईले!” धर्मपाल घाईने म्हणाला.

“तुवं कोन आयकन? तूच तं आरोया ठोकत होता, श्वास रोखा म्हनून.”

“येतो, माय,” वाहिदभाई म्हणाले. “परवा सकाळच्या पयल्या गाडीनं.”

चौथ्या फेरीला चारही कोपरे उघडले. डाव्या कडेच्या अगदी टोकाला, पानाच्या दुमडीपाशी, कोण्या एका गृहस्थाने आपल्या नावातील बदल जाहीर केला होता. त्याचा पिनकोडही वाचता आला. धर्मपालने टाळी वाजवली. वाहिदभाईंनी मात्र भिंग पुन्हा उतरवले आणि पाचवी तऱ्हाही करून पाहिली. ती चौथीपेक्षा वाईट निघाली. तेव्हा कुठे त्यांनी चौथी कायम केली, स्क्रूंवर लाखेचा थेंब टाकला आणि कडीच्या आत जुन्या खुणेखाली नवी तारीख घातली. जुनी खोडली नाही.

ठरल्या दिवशी ते पहिल्या गाडीने बोरीत उतरले. विहारापुढे बस उभी होती, निळ्या पताका लावणे चालू होते, आणि बाया एका बाजूला, पायऱ्यांपासून चांगल्या अंतरावर, उभ्या होत्या. तुळसाबाईंनी बायांना काहीच सांगितलेले नव्हते. हा वाहिदभाई, याला काही बोलायचे आहे, एवढेच म्हणून त्या बाजूला झाल्या.

वाहिदभाईंना सभेत बोलण्याची सवय नाही. त्यांनी दुकानात सांगितले तेच, त्याच शब्दांत सांगितले. चकत्या म्हणजे काय हे दाखवण्यासाठी खिशातून तसलीच एक पितळी चकती काढून तळहातावर धरली. ती हातोहात बायांमधून फिरून परत आली. मग धर्मपालची बायको ममता पुढे झाली.

“म्हंजे आमी हालत नव्हतो.”

“नाई, ताई.”

“पुन्हा एक खेप सांगा, भाऊ. जोरानं सांगा. मानसं मागं उभे हायेत, त्याईले आयकू नाई गेलं.”

वाहिदभाईंनी जोराने सांगितले. मागे उभ्या असलेल्या माणसांपैकी बऱ्याच जणांना नेमके त्याच वेळी बसच्या टपावर काहीतरी पाहायचे होते.

तरीही बाया पायऱ्यांकडे गेल्या नाहीत. चूक कबूल झाली, ठीक. लेन्स खरोखर नीट झाली याची हमी काय? ममतानेच तोड काढली. नीट झाली आहे ना, मग यंदा माणसांनी डावीकडे उभे राहावे. पुसट झाले तर त्यांचे होतील. हा प्रस्ताव बायांनी एकमुखाने उचलून धरला आणि माणसांकडे पाहिले. माणसांची जी हालचाल झाली ती पाहण्यासारखी होती. एकाला तिकडे डोळ्यांवर ऊन येते असे वाटले. दुसऱ्याने शिरस्त्याची आठवण करून दिली. तिसरा चप्पल शोधू लागला. लेन्स दुरुस्त झाल्याबद्दल सर्वांना खात्री होती, पण डाव्या कडेच्या खांबाजवळ जाऊन उभे राहावे इतकी कोणालाच नव्हती. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. धर्मपाल तिकाटण्यामागे उभा राहून एकदा बायांकडे, एकदा माणसांकडे पाहत होता. यंदा फोटो निघत नाही, आणि वडिलांची चाल आपल्याच हातून मोडते, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

वाहिदभाई चार पायऱ्या चढले आणि अगदी डाव्या टोकाला, खांबाला लागून उभे राहिले. हात दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले, नजर लेन्सवर.

“इथंच बिघडलं होतं ना,” ते म्हणाले. “बिघडलं तं मावं तोंड बिघडन. घे फोटो, धर्मपाल.”

धर्मपालने कॅमेऱ्याला डोळा लावला. पण बटण दाबण्याआधी तुळसाबाई लुगडे सावरत पायऱ्यांकडे निघाल्या होत्या.

“सरक तिकडं, बाबू. खांबाजवयची जागा मावी हाय.”

“नाई माय, कडेले मीच राहतो. तुमी इकडच्या बाजूनं या.”

“बरं, मंग मी तुह्याजवय. या गं समद्या. का आता त्याले एकट्यालेच वस्ती म्हनून भितीवर लावता?”

ममता हसली आणि चढली. तिच्यामागे बाकीच्या आल्या, आपापल्या जुन्या जागी. माणसे उजवीकडे गेली, नेहमीपेक्षा जरा मुकाट्याने. मुले पुढे बसली. धर्मपालने कोणालाही श्वास रोखायला सांगितले नाही.

त्या फोटोची प्रत आता वस्तीतल्या घराघरांत आहे. तीत खांबावरची अक्षरे वाचता येतात. वाहिदभाईंच्या सदऱ्याच्या खिशातल्या पेचकसाची मूठ लाल आहे, हे कळते. शेजारी तुळसाबाई आहेत. त्यांचे तोंड उघडे आहे, मान उजवीकडे वळलेली आहे, आणि फोटो निघण्याच्या त्या क्षणी त्या माणसांच्या घोळक्याला उद्देशून काहीतरी बोलत आहेत. खालच्या ओळीत त्यांचे चार दात उरले आहेत. चारही मोजता येतात.